को-को म्हटल्याशिवाय

१

आमच्याकडे कुणी दार वाजवत नाही. दाराबाहेर उभं राहून "को-को" म्हणायचं. आतून घरची बाई "केना" म्हणाली, म्हणजे ये, आत ये, की मग पाय आत टाकायचा. दार सताड उघडं असलं, बाई समोर पातेलं ढवळताना दिसत असली, तरी म्हणायचं. न विचारता आत शिरतो तो एक चोर, नाहीतर पाऊस.

मी जन्मभर को-को म्हणत आले. लहानपणी शेतमालकाच्या मागच्या दाराशी. लग्न झाल्यावर सासूच्या दाराशी, कारण झोपडी सासूची. मग केस पांढरे होईस्तोवर फिक्सबर्ग गावात मॅडमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. तिच्या अंगणातल्या मागच्या खोलीत मी राहायची, पण त्या खोलीची दुसरी किल्लीही तिच्याच पर्समध्ये. दुसऱ्याच्या घरी खोकायचीही चोरी. नवरा बिचारा सरकारी घराची वाट बघता बघता गेला.

माझं नाव मोसेलांत्जा, म्हणजे कुत्र्याचं शेपूट. माझ्या आधीची भावंडं तान्ही असतानाच गेली, म्हणून मरणाला किळस यावी असं नाव आईनं ठेवलं. मरणानं नाव ऐकून तोंड फिरवलं असणार, कारण साठी उलटली आणि घराची किल्ली हातात पडली तेव्हा मी चांगली ठणठणीत होते. सेबोलेलोनं, माझ्या मुलीनं, जोहान्सबर्गहून फोन केला.

"आई, कसं वाटतंय?"

"आता मरेपर्यंत को-को म्हणणार नाही," मी म्हटलं. "माझं दार आहे. धाडकन उघडीन आणि आत जाईन."

ती हसली. मी मात्र थट्टा करत नव्हते. त्या घराकडून मला एवढंच हवं होतं.

२

घर चांगलं होतं. पण तसंच शेजारचं होतं, तसंच समोरचं, आणि टेकडीपर्यंत सगळी तशीच. करड्या विटा, एक दार, दोन खिडक्या, वर पत्रा. लोक त्यांना काडेपेट्या म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून आले, ठरवल्याप्रमाणे दार धाडकन उघडलं आणि आत गेले. समोर माकाबेलो परकरावर उभी राहून केस विंचरत होती.

"को-को म्हणायची पद्धत बंद झाली का गं?" ती म्हणाली.

"मला वाटलं माझं घर."

"तुझं पलीकडचं. आता आलीच आहेस तर मागची बटणं लावून दे."

माकाबेलो माझ्याहून लहान, नवरा खाणीत, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. पण मला मनात लागलं. ज्या घरासाठी जन्म घालवला, ते मलाच ओळखता येईना.

हौसेला मोल नाही म्हणतात, पण रंगाच्या डब्याला असतं. मी अंथरूण पाहून पाय पसरले. वर्तमानपत्राच्या घड्या घालून कात्रीनं नक्षी कापली आणि फळ्यांच्या कडांना लावली. मॅडमच्या जुन्या मेजपोशाचे पडदे शिवले, एक दाराच्या आत, एक पलंगापुढे. आईच्या वेळच्या निळ्या काठाच्या, टवके उडालेल्या ताटल्या फळीवर उभ्या मांडल्या. फाटका टायर अर्धा मातीत गाडून त्याला चुना फासला, आत झेंडू लावले. मस्त दिसायला लागलं. पण भिंती करड्याच राहिल्या.

मग म्हटलं, दितेमा काढू. दितेमा म्हणजे नांगरट. आमच्या बायका भिंत मातीनं लिंपतात आणि ओली असतानाच बोटांनी, काट्यानं तिच्यावर तास ओढतात. चौकोनाशेजारी चौकोन, प्रत्येकाचे तास वेगळ्या दिशेनं, आणि चार चौकोन मिळून एक फूल. माझ्या आईच्या हातची भिंत बघायला लोक वाकडी वाट करून यायचे. मलाही तिनं शिकवलं होतं, पण भिंत माझी कधी नव्हतीच.

"सरकारनं सिमेंटचं घर दिलं," माकाबेलो म्हणाली, "आणि ही बया त्याला शेण फासणार."

"तू बघच."

"बघते ना. खिडकीतून फुकट दिसतंय."

३

माती चांगली हवी, नाहीतर पोपडे धरतात. वसाहत बांधताना यंत्रांनी वरची सगळी माती खरवडून नेली होती, खाली नुसता मुरूम. नदीकाठची माती चिकट, वाळली की तडकते. ट्रॅक्टरवाला घरपोच टाकायला तयार होता, त्याचा भाव ऐकला आणि चहा पाजून परत पाठवला.

वसाहतीच्या कुंपणापलीकडे जुन्या शेताचं रान आहे. ऑगस्ट, म्हणजे आमचा हिवाळा, सरत आला होता, वारा सुटला होता, आणि त्या वाळक्या गवतात मला तीन-चार पीचची झाडं फुललेली दिसली. रानात पीच फुललं की समजायचं, इथं कुणाचं तरी घर होतं. गेले तर खरंच होतं. म्हणजे घर म्हणावं असं काही नाही. मातीचा एक बसलेला ढिगारा, गुडघ्याएवढा उरलेला एक कोपरा, आणि दाराच्या जागी उंबऱ्याचा दगड, मधोमध झिजलेला.

पण माती काय होती, विचारू नका. लालसर, मऊ, चाळल्यासारखी. कुणा बाईनं कधीतरी शेण घालून तुडवलेली, पावसानं धुतलेली, तयार माती. आमची म्हातारी माणसं सांगायची, माणसं गेली की घर बसू द्यावं, त्याची माती उचलू नये. का, ते कुणी सांगितलं नाही. आणि त्या म्हाताऱ्यांना सिमेंटची भिंत लिंपायची नव्हती, ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस करायची नव्हती.

मी उंबरा ओलांडला आणि फावडं घातलं.

माकाबेलोची ढकलगाडी मागून आणली होती. दोन दिवस खेपा घातल्या.

"कुठून आणलीस गं एवढी सुंदर माती?" तिनं विचारलं.

"पलीकडून," मी म्हटलं, आणि तिच्या नवऱ्याचा विषय काढला. तो विषय काढला की तिला दुसरं काही सुचत नाही.

४

ते दिवस फार सुखाचे गेले. आधी हातोडीनं ठोकून भिंत खडबडीत केली. मग माती, शेण, राख, पाणी, आणि कोपरापर्यंत हात. सकाळी लिंपायचं, ऊन चढायच्या आत तास ओढायचे, दुपारी भिंतीला पाठ लावून पाप, म्हणजे मक्याचं घट्ट शिजवलेलं पीठ, आणि पालेभाजी खायची. समोर मालुतीचे डोंगर, माथ्यावर अजून थोडं बर्फ. गुडघे दुखायचे, पण मन हलकं होतं. मॅडमनं निरोपाच्या वेळी दिलेला जेवायचा काटा मी तासांसाठी घेतला होता. चार दात्यांचा, चांगला वजनदार. जेवताना तो मी कधी वापरला नाही.

समोरची भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. टेकडीपर्यंत सगळ्या करड्या काडेपेट्या, आणि मधे एक लाल घर, फुलाफुलांचं. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आई, बघ गं.

दुसऱ्या दिवशी झाडताना दिसलं. दाराच्या डाव्या हाताला, अगदी खाली, एका चौकोनाचे तास उलटे गेले होते. वर जायला हवे होते ते आडवे. चार चौकोनांचं फूल तिथं उमलायच्या ऐवजी मिटल्यासारखं दिसत होतं.

चुकले असेन. दमले होते, आणि खालच्या ओळीला वाकावं लागतं. असं म्हणून मी खाली बसले आणि बोट फिरवलं. माझ्या काट्यानं ओढलं की चार बारीक ओळी शेजारी-शेजारी उमटतात. इथं ओळी जाड होत्या, बोटांच्या. आणि तीन-तीनच होत्या.

५

माणसाला भीती वाटते ती नंतर. आधी राग येतो. मी तडक माकाबेलोच्या दारात गेले.

"को-को."

"केना."

"माझ्या भिंतीला हात लावलास?"

"मी?" तिनं लाल रंगवलेली नखं माझ्या नाकासमोर नाचवली. "या हातांनी शेण कालवीन असं वाटतं तुला? मला करायचंच असतं ना, तर त्या भिंतीवर तुझं चित्र काढलं असतं. शेपटासकट."

खोटं बोलली असती तर तिला हसू आवरलं नसतं. मी परत आले, तो चौकोन खरवडला, नवी माती लावली आणि काट्यानं नीट तास ओढले. चार-चार. वाळेपर्यंत समोर बसून राहिले.

मग चहा करायला आत गेले. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू. कप घेऊन खुर्चीवर बसते न बसते तोच माझ्या पाठीशी असलेल्या, दाराकडच्या भिंतीतून आवाज यायला लागला. खर्र. थांबायचा. खर्र. पुन्हा थांबायचा. कोंबडी असेल, म्हटलं. कोंबड्या भिंत उकरतात. पण कोंबडीला घाई असते. या आवाजाला घाई नव्हती. एक तास ओढायचा, मागं सरून बघायचं, मग दुसरा ओढायचा. मी स्वतः गेला आठवडाभर तेच करत होते, त्यामुळे मला तो थांबा नेमका ओळखता आला.

कप खाली ठेवून बाहेर गेले. कुणी नव्हतं. कोंबडीही नव्हती. चौकोन ओला होता, पाणी सुटून खाली ओघळ आला होता. आजूबाजूची भिंत कोरडी ठणठणीत. आणि तास तीन-तीन.

मी पुन्हा खरवडलं नाही. एवढंच करायचं धाडस राहिलं होतं, की काही करायचं नाही.

६

पुढं काय झालं ते सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण भीतीपेक्षा मला हेवा जास्त वाटला.

चौकोन वाढत गेले. मी नसताना, नाहीतर आत असताना. दाराच्या डाव्या बाजूनं सुरू झाले, खिडकीखालून वळले, मागच्या भिंतीकडे निघाले. आणि लोक थांबून बघायला लागले. चर्चहून येणाऱ्या बायका, शाळेच्या बाई, एकदा तर रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्यांनी गाडी थांबवून फोटो काढले. सगळ्यांचं बोट तिकडेच.

"ही उजवीकडची फुलं छान आहेत हो," शाळेच्या बाई म्हणाल्या, "पण डावीकडची काय सुंदर. या बाजूला तुमचा हात काय बसलाय."

"हो," मी म्हटलं. "तिकडे मला सवय झाली होती."

आणि खरंच सुंदर होती. ते मिटलेलं फूल आता चुकल्यासारखं दिसतच नव्हतं. उलट माझीच फुलं उथळ वाटायची. माझ्या आईला जमलं नसतं ते त्या बोटांना जमत होतं. मी दुपारी बाहेर बसायची तेव्हा आपोआप उजव्या बाजूला बसायला लागले. डावी बाजू मोकळी सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं.

आपलं मन आपणच समजवायचं असतं. एकटी बाई, नवं घर, मातीची चोरी मनाला खात होती. चोराच्या मनात चांदणं. झोपेत उठून मीच काढत असेन. तसं असेल म्हणून एकदा सकाळी उठल्या उठल्या स्वतःचे हात पाहिले. स्वच्छ होते.

मग एके दिवशी मी पेन्शनसाठी गावात गेले. संध्याकाळी परत आले तर माझ्या टेबलावर साखरेची वाटी, वर बशी झाकलेली. मागच्या आठवड्यात माकाबेलोनं उसनी नेली होती ती. दाराला मी कुलूप लावून गेले होते, ते कुलूप मी आत्ताच माझ्या हातानं उघडलं होतं. मी वाटी घेऊन तिच्याकडे गेले.

"ही कधी ठेवलीस?"

"दुपारी. विसरलीस होय? दार उघडंच होतं. मी को-को म्हटलं, तू आतून केना म्हणालीस. पलंगावर पडली होतीस वाटतं, पडद्याआड. मी ठेवून आले." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "आवाज बसला होता की गं तुझा. आल्याचा काढा घे. शेणात हात घालून घालून सर्दी झाली असणार."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गावात होते म्हटलं असतं, तर त्या घरात मलाच पुन्हा जाववलं नसतं.

७

एक पोतं माती उरली होती. सकाळी ती ढकलगाडीत घातली आणि कुंपणापलीकडे निघाले. फूल गळून पीचला बारकी हिरवी फळं धरली होती. मी खणलेला खड्डा तसाच होता, गवत नव्हतं, कुणी दात काढून नेल्यासारखा. कोपऱ्याची गुडघाभर भिंत उन्हात उजळली होती. मी पहिल्या वेळी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. तिच्या आतल्या अंगाला, पावसानं पुसट झालेले, तास होते.

तीन-तीन.

मला ओरडावंसं वाटलं नाही. उलट खूप वाईट वाटलं. गाडी ओढत मी दाराच्या जागेशी आले, आणि उंबऱ्याचा तो झिजलेला दगड पाहून पाय आपोआप थबकला. तेव्हा लक्षात आलं. जन्मभर मी प्रत्येक दाराशी थांबले. मालकाच्या, सासूच्या, मॅडमच्या. ज्यांनी मला कधी बसा म्हटलं नाही, त्यांच्याही दाराशी को-को म्हणाले. आणि इथं, एका बाईच्या घरात, तिनं आयुष्यभर पायानं झिजवलेल्या उंबऱ्यावरून मी फावडं घेऊन सरळ आत गेले होते. छप्पर नाही, भिंती नाहीत, म्हणून मी तोंडही उघडलं नव्हतं.

मी दगडाच्या अलीकडे उभी राहिले. डोक्याचा रुमाल नीट केला.

"को-को," मी म्हटलं.

वारा होता. पीचची पानं हलत होती. मी बराच वेळ थांबले, पण कुणी उत्तर दिलं नाही. आत कुणी नव्हतंच.

माती उंबऱ्याबाहेर ओतली आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरले.

८

घराशी पोचले तेव्हा भर दुपार. दाराला कुलूप नव्हतं, दार थोडं किलकिलं होतं. पत्र्याच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि ओल्या मातीचा वास येत होता. मी किल्ली हातात घेऊन माझ्याच पायरीशी उभी राहिले. धाडकन उघडायचं ते दार. मी हात पुढं केला, आणि खाली घेतला.

"को-को," माझ्या तोंडून गेलं.

आत खुर्ची सरकली. मग मॅडमच्या मेजपोशाच्या पडद्याची कड कुणीतरी बाजूला धरली. मला हात तेवढा दिसला, मनगटापर्यंत लाल मातीनं माखलेला. अंगठा, आणि तीन बोटं. म्हातारा हात होता, कष्टाचा. पडदा पाहुण्यासाठी धरावा तसा तिनं धरला होता.

"केना," आतून आवाज आला. बसलेला, पण घरच्या बाईचा. त्यात राग नव्हता.

मी पाय पुसले आणि आत गेले. खोलीत कुणी नव्हतं. किटली उकळत होती, आणि फळीवरून दोन कप काढून ठेवले होते.

त्याला आता वर्ष होत आलं. डिसेंबरात सेबोलेलो आली, तिनं घर पाहिलं आणि माझ्या गळ्यातच पडली. "आई, हे खरंच तुझं घर वाटतं," म्हणाली. आल्याचं गेमेरे पीत आम्ही बाहेर बसलो, उजव्या बाजूला. माकाबेलोनंही शेवटी नखं कापली आणि मला दितेमा शिकव म्हणाली. माती ट्रॅक्टरवाल्याकडून घे, मी सांगितलं, आणि पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे.

मी सुखात आहे, खोटं कशाला बोलू. पावसानं नक्षी धुतली तर ती पुन्हा निघते. दमून आले की आतून कुणीतरी केना म्हणतं, आणि एकट्या बाईला हे काही थोडं नाही. घर माझंच आहे, कागदावर माझंच नाव आहे. फक्त दारात थांबून विचारते, आणि उत्तर येईपर्यंत पाय आत टाकत नाही.

हल्ली उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तोवर मी पिशव्या हातात धरून पायरीवर उभी असते. अजून तरी तिनं नाही म्हटलेलं नाही.